नऊ दिवस, भाड्याचे घर आणि झिजलेली लाकडी जमीन

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका भगिनी लिहितात की त्या, त्यांचे पती आणि दम्याचा जुना त्रास असलेले त्यांचे वडील पुढच्या महिन्यात भाड्याच्या एका जुन्या घरात राहायला जाणार आहेत. घर सर्वांना आवडले आहे, मात्र तिन्ही खोल्यांतली लाकडी जमीन फार झिजलेली आहे. दारांजवळ आणि सतत ये-जा होणाऱ्या वाटांवर लाकूड करडे पडले आहे, एका खिडकीखाली कुंडी ठेवल्याचे काळे वर्तुळ उमटले आहे आणि उरलेल्या भागावर बारीक ओरखडे असून चमक गेली आहे. चावी हातात पडल्यापासून सामानाची गाडी येईपर्यंत ९ दिवस मिळतील. घासण्याचे यंत्र भाड्याने आणून तिन्ही खोल्या मुळापासून घासाव्यात आणि नवे पॉलिश करावे, असे पतीचे म्हणणे आहे, कारण एकदा सामान आले की हे काम पुन्हा कधीच होणार नाही असे त्यांना वाटते. घरमालक फोनवर “तुमच्या खर्चाने काय हवे ते करा” असे म्हणाले आहेत. काम अर्धवट राहील किंवा बिघडेल अशी भीती या भगिनींना वाटते, पण अशा जमिनीवर वडिलांना आणून बसवणेही त्यांच्या जिवावर येते. हे काम ९ दिवसांत होईल का आणि भाड्याच्या घरासाठी एवढे करावे का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुम्ही दोघांनीही ते ९ दिवस कामाचे दिवस म्हणून धरले आहेत, आणि तुमचा बराचसा पेच तिथूनच सुरू झाला आहे असे तुमचे पत्र वाचताना मला वाटले. लाकडी जमिनीच्या कामात हात चालतात ते तास मोजकेच असतात. बाकीचा सगळा वेळ वाळण्याचा असतो आणि आपण कितीही घाई केली तरी तो कमी होत नाही. म्हणून गाडी ज्या सकाळी दाराशी उभी राहणार आहे, तिथपासून दिवस उलटे मोजत मागे यावे.

पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन पॉलिश, ज्याला बाजारात नुसते पीयू म्हणतात, त्याचा एक हात वाळून दुसरा देण्याजोगा व्हायला साधारण २ ते ४ तास लागतात. शेवटच्या हातानंतर सुमारे २४ तासांनी मोजे घालून त्यावरून चालता येते आणि जड सामान ठेवायला २ ते ३ दिवस थांबावे लागते. तेलावर आधारलेल्या पीयूचे दोन हात देताना मध्ये साधारण एक दिवस जातो, सामानासाठी चार दिवस किंवा अधिक थांबावे लागते आणि तो थर आतपर्यंत पक्का व्हायला महिनाभर लागू शकतो. सतरंजी किंवा गालिचा अंथरायला तर पहिल्या प्रकारात सुमारे दोन आठवडे आणि दुसऱ्या प्रकारात त्याहूनही अधिक थांबणे बरे. हवा थंड किंवा दमट असेल तर हे सारे आकडे वाढतात, म्हणून अंतिम प्रमाण मानायचा तो तुमच्या हातातल्या डब्यावर छापलेला अवधी.

आता पतींच्या बेताला हा हिशेब लावून पाहा. पहिला दिवस वर आलेले खिळे खाली ठोकण्यात आणि सुट्या फळ्या घट्ट करण्यात जाईल. तीन खोल्या आधी ३६ किंवा ४०, मग ६०, मग ८० आणि शेवटी १०० नंबरच्या घासकागदाने (नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत) घासायच्या, भिंतीलगतची कड वेगळ्या छोट्या यंत्राने घ्यायची आणि कोपरे हाताने खरवडायचे, हे यंत्र प्रथमच हाताळणाऱ्या दोन माणसांना अडीच-तीन दिवसांचे काम आहे. त्यानंतर फटी आणि भोकांत लांबी (पुट्टी) भरणे, ती वाळल्यावर पुन्हा हलके घासणे आणि सगळीकडची धूळ टिपणे यात पाचवा दिवस संपतो. पीयूचे तीन हात पाचव्या दिवसाच्या रात्री सुरू होऊन सहाव्या दिवसाच्या रात्री संपले, तर नवव्या सकाळी सामान कसेबसे ठेवता येईल. या हिशेबात एकही तास राखीव नाही. यंत्र बंद पडले, एका दिवशी हवा ओलसर राहिली किंवा एखाद्या खोलीत खळगा पडून ती पुन्हा घासावी लागली, तर गाडी ओल्या जमिनीवर येणार. तेलाच्या पीयूने हेच काम ९ दिवसांत बसतच नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की सगळे सुरळीत झाले तर होईल, पण जे काम सगळे सुरळीत झाले तरच पुरे होते ते अंगावर घेऊ नये असे माझे मत आहे, विशेषतः जमीन आपली नसताना. घासलेले लाकूड पुन्हा जागेवर येत नाही. मुळापासून एकदा घासले की साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. ते लाकूड घरमालकाच्या मालकीचे असते आणि त्या घराला आयुष्यभरात अशी घासाई मोजक्याच वेळा परवडते. ड्रमचे यंत्र, म्हणजे फिरत्या रुळावर घासकागद बसवलेले यंत्र, क्षणभर एका जागी थांबले, किंवा फिरता ड्रम चालता चालता न टेकवता उभ्या उभ्या जमिनीवर टेकवला, तरी तिथे खळगा पडतो. कोऱ्या लाकडावर तो दिसत नाही, पण पॉलिश वाळून खिडकीचा तिरपा उजेड पडला की लाटेसारखा दिसतो आणि मग रोज दिसत राहतो.

घरमालकांच्या त्या वाक्याकडेही थोडे थांबून पाहायला हवे. “काय हवे ते करा” हे वाक्य तुम्ही परवानगी म्हणून ऐकले. त्यांच्या मनात त्या वेळी काय होते, हे फोनवरून कळत नाही. पुष्कळ लोकांना पॉलिश करणे आणि यंत्राने घासणे यांतला फरक ठाऊक नसतो. घर सोडताना ते, किंवा त्यांच्या वतीने दुसरे कोणी, खळगे आणि बदललेला रंग दाखवून अनामत रकमेतून कपात करायला निघाले, तर फोनवरचे ते वाक्य तुमच्या हाती नसेल. चावी मिळायला अजून अवकाश आहे, हा तुमच्यासाठी मोठाच फायदा आहे, कारण लेखी परवानगीचे काम त्या ९ दिवसांत येतच नाही, ते आजपासून करता येईल. कोणत्या खोल्यांत, कोणत्या पद्धतीने आणि कोणते साहित्य वापरून काम करणार आहात, लाकडाचा रंग बदलणार नाही, खर्च कोणाचा आणि घर सोडताना या कामाबद्दल कोणतीही कपात होणार नाही, एवढे साध्या शब्दांत लिहून त्यांना पाठवा आणि त्यांचे लेखी उत्तर मिळवा. घर एखाद्या इमारतीत असेल, तर यंत्राचा आवाज आणि कामाच्या वेळा यांबद्दल तिथले नियम काय आहेत तेही आधीच विचारून ठेवा. चावी मिळताच, झाडूसुद्धा हातात घेण्याआधी, प्रत्येक खोलीची आणि प्रत्येक डागाची तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढा.

खर्चाबद्दलही संकोच करू नका. रोजच्या वापराने होणारी झीज ही भाडेकरूने केलेली नासधूस मानली जात नाही, आणि ही झीज तर तुम्ही येण्याच्या आधीची आहे. सुधारलेली जमीन घरमालकाकडेच राहणार आहे. मजुरी तुमची आणि साहित्य त्यांचे, किंवा साहित्याची रक्कम भाड्यातून वळती, अशी मागणी नम्रपणे करण्यात गैर काहीच नाही. त्यांनी नकार दिला, तरी तुमच्या खिशातून किती जावे हे ठरवायला एक आधार मिळतो: भाडेकरार किती काळाचा आहे? एक-दोन वर्षांसाठी दुसऱ्याच्या घरात मुळापासून घासाई करणे मला पटत नाही. पाच-सात वर्षे राहण्याची खात्री असेल, तर तो विचार वेगळा होऊ शकतो.

याच पत्रव्यवहारात घरमालकांना आणखी तीन प्रश्न विचारा: जमीन पूर्वी किती वेळा घासली गेली आहे, शेवटचे पॉलिश कशाचे होते आणि ती पुसायला काय वापरत असत? तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझ्या पाहण्यात नव्या पॉलिशच्या फसलेल्या कामांपैकी बरीचशी तिथेच फसलेली असतात. जमीन चमकवण्यासाठी विकली जाणारी द्रवरूप पॉलिशे, मेण किंवा सिलिकोन असलेले फवारे आणि तेलकट साबण यांचा पातळ थर लाकडावर राहतो आणि त्यावर दिलेला नवा हात नीट चिकटत नाही. तो ठिकठिकाणी माशाच्या डोळ्यासारखा फाकतो किंवा काही आठवड्यांत पापुद्रे धरून सुटतो. मी स्वतः एका भाड्याच्या खोलीत घाईघाईने नुसते पुसून वर हात दिला होता. दोन महिन्यांत खुर्चीच्या पायाखालचा थर नखाने निघू लागला आणि शेवटी सगळाच खरवडून काढावा लागला. त्या कामात वाचवलेला एक दिवस मला पुढे आठवडाभर पुरला नाही.

आता जमिनीची ओळख पटवण्याबद्दल. घर पुन्हा एकदा पाहण्याची परवानगी मागा आणि अर्धा तास त्यासाठीच ठेवा. उंबरठ्याजवळची पट्टी किंवा स्कर्टिंगचा (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीचा) एखादा सैल तुकडा घरमालकांच्या संमतीने उचलून फळीची कड पाहता आली, तर सर्वांत उत्तम. वरपासून खालपर्यंत एकच लाकूड दिसले, तर फळ्या भरीव आहेत. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली थर चिकटवलेली पाटी दिसली, तर ती इंजिनिअर्ड जमीन आहे. तिचा वरचा थर एका मिलिमीटरपेक्षाही कमी किंवा सहा मिलिमीटरपर्यंतही असू शकतो, आणि तो दोन मिलिमीटरच्या आत असेल तर ड्रमच्या यंत्राचे नावही काढू नये. लाकडाच्या रेषांची एकच नक्षी ठरावीक फळ्यांवर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ते लाकडाचे छापील चित्र असलेले लॅमिनेट असण्याची शक्यता आहे, आणि ते घासताच येत नाही. फळ्या भरीव असूनही फटींत खिळ्यांची डोकी किंवा फळ्या एकमेकींत अडकवणारी जीभ दिसू लागली असेल, तर ती जमीन आधीच हवी तेवढी घासून झाली आहे, आणि तुमचा दोघांचा वाद तिथेच मिटतो.

पॉलिश ओळखायला दोन चाचण्या पुरतात. चांगल्या दिसणाऱ्या भागावर, फिकट भागावर आणि करड्या भागावर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून काही मिनिटे थांबा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तिथले पॉलिश अजून शाबूत आहे, आणि मुरून लाकूड लगेच गडद झाले तर तिथे लाकूड उघडे पडले आहे. दुसरी चाचणी कोपऱ्यात करायची: पांढऱ्या फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन घासा. फडक्यावर पिवळट-तपकिरी चिकट लेप आला तर जमिनीला मेण लावलेले आहे, आणि अशा जमिनीवर पीयू बसत नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण मेणाची जमीन असेल तर तुमचे काम उलट सोपे होते. जुने मेण टर्पेंटाइनने काढून नवे मेण पातळ लावायचे आणि घासून चमक आणायची, एवढेच करायचे असते आणि ते तीन-चार दिवसांत आटोपते. मात्र त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरात कुठेही ज्योत पेटलेली नसावी.

पाण्याचा थेंब बहुतेक ठिकाणी उभा राहिला आणि लाकूड फक्त वाटांवर आणि दारांशी उघडे पडले असेल, तर मी तुम्हाला मधला मार्ग सुचवेन. जुना थर न काढता तो बारीक कागदाने नुसता खरखरीत करायचा आणि त्यावर पीयूचे एक-दोन नवे हात द्यायचे. यात लाकूड जवळजवळ जात नाही, धूळ त्या मानाने फार थोडी उडते आणि काही वर्षांनी हेच पुन्हा करता येते. याची मर्यादाही सांगतो. पॉलिशच्या थरातले ओरखडे यात लपतात, पण थर भेदून लाकडात उतरलेले ओरखडे आणि करडेपणा तसाच राहतो. किंबहुना नवा हात बसला की करडा भाग अधिक गडद दिसतो आणि मळ आत कायमचा बंद होतो. म्हणून त्या भागांवर वेगळे काम आधी करावे लागते, आणि तुमच्या ९ दिवसांतली खरी मेहनत तिथेच आहे.

करड्या वाटेवर हाताने काम करा. एक फळी धरा आणि ती तिच्या सांध्यापासून सांध्यापर्यंत रेषांच्या दिशेने आधी ८०, मग १२०, मग १५० नंबरच्या कागदाने घासा. अर्ध्या फळीवर थांबू नका. घासलेल्या आणि न घासलेल्या भागाची सीमा फळीच्या सांध्यावर पडली, तर डोळ्यांना ती दोन फळ्यांतला नैसर्गिक फरक वाटते. फळीच्या मध्यावर पडली तर ती कायम डाग म्हणून दिसते. घासून झालेल्या फळीवरून किंचित ओले फडके फिरवा. ओलसर असताना दिसणारा रंग हा पारदर्शक पॉलिशखाली दिसणाऱ्या रंगाच्या बराच जवळ असतो, त्यामुळे पुरेसे घासले की नाही हे तिथेच कळते. ताज्या फळ्या जुन्या पिवळसर पडलेल्या फळ्यांहून उजळ दिसतील. तो फरक झाकण्यासाठी रंग लावायच्या फंदात मात्र पडू नका, कारण उरलेल्या वेळात रंग जुळत नाही, आणि फरक काळाबरोबर आपोआप थोडा कमी होतो. अशा उघड्या फळ्यांना आधी एकट्याच पीयूचा पातळ हात द्या, तो वाळू द्या आणि मग संपूर्ण खोलीचा हात घ्या, नाहीतर लाकूड तेवढ्याच भागात पॉलिश पिऊन टाकते आणि तिथला पृष्ठभाग निस्तेज राहतो.

खिडकीखालचे काळे वर्तुळ बहुधा वेगळ्या जातीचे आहे. कुंडीखालचे पाणी आणि लोखंडाचा अंश लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी मिसळला की अशी शाईसारखी काळी छटा येते. ओकसारख्या टॅनिनयुक्त लाकडात ती हमखास दिसते. वरवरच्या घासण्याने ती जात नाही, कारण ती खोल उतरलेली असते. त्या जागेवरचे पॉलिश घासून काढून ऑक्झॅलिक ॲसिडचे पाण्यातले द्रावण लावले, तर ती पुष्कळदा फिकी होते आणि कधी पूर्णही जाते. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला, नंतर ती जागा स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, पूर्ण एक दिवस वाळू द्या आणि वाळून राहिलेली पांढरी भुकटी कोरडी कधीही घासू नका. एका प्रयत्नात वर्तुळ गेले नाही तर दुसऱ्यासाठी दिवस खर्च करू नका, तिथे एखादे कपाट ठेवा.

दिवसांची आखणी मी अशी करेन. पहिल्या दिवशी सगळी जमीन व्हॅक्यूमने टिपून, लाकडी जमिनीसाठीच्या सौम्य द्रवाने आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसून काढा. बादलीने पाणी ओतणे, वाफेचे पोचे आणि व्हिनेगर हे तिन्ही टाळा. त्याच संध्याकाळी कपाटामागे जाईल अशा वीतभर जागेवर १५० नंबरचा कागद फिरवून पीयूचा एक हात द्या आणि २४ तासांनी नाण्याच्या कडेने खरवडून पाहा. थर पापुद्र्यासारखा सुटला तर पुढचे काम थांबवा; जमिनीवर काहीतरी राहिले आहे आणि ते काढल्याशिवाय तिन्ही खोल्यांचे पॉलिश वाया जाईल. या चाचणीसाठी लागणारा दिवस वाचवावासा वाटेल, पण तो वाचवू नका. दुसऱ्या दिवशी काळे वर्तुळ आणि करड्या फळ्या, तिसऱ्या दिवशी उघड्या फळ्यांना पहिला हात, चौथ्या दिवशी उरलेली सगळी जमीन १५० ते १८० नंबरच्या कागदाने एकसारखी मंद दिसेपर्यंत घासून, धूळ टिपून पहिला पूर्ण हात, पाचव्या दिवशी वाटल्यास दुसरा. त्यानंतर वाळायला तीन दिवस मिळतात, आणि एखादे काम एका दिवसाने लांबले तरी गाडी वेळेवर येऊ शकते.

हात देताना डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. दूरच्या कोपऱ्यातून दाराकडे, फळ्यांच्या दिशेने, ओली कड न मोडता (म्हणजे आधीचा पट्टा ओला असतानाच पुढचा त्याला जोडत) या आणि अर्धवट वाळलेल्या भागावरून ब्रश पुन्हा फिरवण्याचा मोह आवरा. पाण्याच्या पीयूआधी लोखंडी लोकर वापरू नये, कारण तिचे तुटलेले तंतू लाकडात राहतात आणि गंजून ठिपके उठतात.

वडिलांबद्दल तुम्ही थोडेच लिहिले आहे, पण माझ्या मते या साऱ्या निर्णयात त्यांचा श्वास सर्वांत वरचा आहे, जमिनीचे रूप त्यानंतर. लाकडाच्या बारीक धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत धरले आहे, आणि दम्याच्या माणसाला तर ती तत्काळ त्रास देऊ शकते. मुळापासून घासलेल्या घरात ही धूळ खिडकीच्या खाचांतून आणि कपाटांच्या माथ्यांवरून कितीतरी दिवस खाली येत राहते. पॉलिशच्या वासाचेही तसेच आहे. पाण्याच्या पीयूचा वास कमी असतो, पण तो काही दिवस रेंगाळतो. दोन भाग एकत्र करून वापरायच्या पीयूच्या कठीण करणाऱ्या भागात पुष्कळदा आयसोसायनेट असतात आणि ती द्रव्ये दमा उद्भवण्याची आणि बळावण्याची ओळखीची कारणे आहेत, म्हणून तुम्ही एकाच डब्यातून थेट वापरता येणारे पीयू घ्या, आणि डब्यावरच्या सूचना त्या दृष्टीने वाचा. वडिलांची खोली सर्वांत आधी पूर्ण करा. शक्य असेल तर सामानाबरोबर त्यांना न आणता आठवडाभर नातेवाइकांकडे ठेवा, तोवर रोज खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा. त्यांना कुठे ठेवण्याची सोयच नसेल, तर त्यांच्या खोलीत पॉलिशच करू नका, नुसती स्वच्छता आणि डागडुजी करा.

अशा जमिनीवर त्यांना आणणे बरे वाटत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्या भावनेचा मला आदर आहे, पण वडिलांना त्रास होईल तो जमिनीच्या करडेपणाने होणार नाही. वर आलेला खिळा, डुगडुगणारी फळी आणि पायात घुसणारी कुसळ यांनी होईल. म्हणून पहिल्याच दिवशी एक जुना पातळ पायमोजा हातात घालून सगळ्या वाटांवरून फिरवा. जिथे तो अडकेल तिथे कुसळ आहे, ती घासून काढा. खिळ्याचे डोके पोगराने (खिळा आत ठोकायच्या लोखंडी कांडीने) दोन-तीन मिलिमीटर खाली घाला. हे काम झाले आणि पुढचे काहीच झाले नाही, तरी ती जमीन वडिलांसाठी सुरक्षित आहे. झीज लपवण्यासाठी खोलीभर गालिचा अंथरण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. दम्याच्या माणसासाठी ओल्या फडक्याने पुसता येणारी उघडी जमीन धूळ धरून ठेवणाऱ्या गालिच्यापेक्षा केव्हाही बरी.

तुमच्या पतींची बाजूही मी हलकी मानत नाही. रिकामे घर पुन्हा मिळणार नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच तिन्ही खोल्यांचा नवा हात याच ९ दिवसांत उरकावा असे मी सुचवतो आहे. पण नंतर काहीच होत नाही हे मात्र खरे नाही. हेच काम पुढे एकेका खोलीचे सामान दुसरीत हलवून लांबलेल्या सुटीत करता येते. दोन वर्षे राहून तिथले ऊन, ओल आणि तुमच्या वावराच्या वाटा कळल्यावर, घरमालकांनी खर्च उचलला आणि कारागीर बोलावला, तर मुळापासूनची घासाई तेव्हा अधिक चांगली होईल. थेंबाच्या चाचणीत निम्म्याहून अधिक जमीन उघडी निघाली, तर माझा मधला मार्ग लागू पडणार नाही. तेव्हा दोघांनी मिळून घरमालकांना तसे लेखी कळवावे आणि चावी आठवडाभर आधी मागावी किंवा काम कारागिरावर सोपवावे. या दोन्हींपैकी काहीच जमले नाही, तर कुसळ आणि खिळे काढून तशाच जमिनीवर राहायला जावे.

एवढे सगळे तोलूनही तुम्ही यंत्राने घासायचेच ठरवले, तर निदान जुना रंग लावलेला भाग आधी तपासून घ्या, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि तो घासणे धोक्याचे असते. नाका-तोंडावर चांगला धूळरोधक मास्क असू द्या, दारांना प्लास्टिक चिकटवा आणि यंत्राची धुळीची पिशवी रोज संध्याकाळी घराबाहेर रिकामी करा. जुन्या पॉलिशची धूळ पिशवीत दाबून राहिली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. जवसाच्या किंवा तत्सम वाळणाऱ्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ठेवली तरी हाच धोका असतो. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

नवव्या दिवशी गाडी आली की कपाटे आणि पलंग ओढू न देता उचलूनच ठेवायला सांगा, आणि प्रत्येक पायाखाली नमद्याची चकती लावा. दाराशी पायपुसणे ठेवायचे असेल तर सुमारे दोन आठवडे थांबून ठेवा, आणि ते रबरी तळाचे घेऊ नका, कारण काही रबरे पॉलिशवर कायमचा पिवळा डाग पाडतात. उरलेले पीयू घट्ट झाकून ठेवा. पीयूचे नाव, चमकेचा प्रकार आणि काम केल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती डब्याला चिकटवा आणि घर सोडताना तो डबा घरमालकांच्या हाती द्या. पुढच्या माणसाने हीच जमीन उजळायला घेतली, तर तिच्यावर काय लावलेले आहे हे त्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.